कारण : लग्न

कळंबोली पनवेलमध्ये येते की नाही, हे तुम्ही कुणाला विचारता त्यावर आहे. आई अजूनही ‘पनवेलला जाऊन येते’ म्हणते, जणू एसटी पकडून परगावी निघालीय. जुन्या पनवेलचा रुबाबच वेगळा. तिथलं बेने इस्रायलींचं सिनेगॉग १८४९चं, नगरपालिका १८५२ची. आम्ही सिडकोच्या खोल्यांतले.

२०११च्या जनगणनेत पनवेल नगरपालिकेची लोकसंख्या भरली १,८०,०२०. त्यात आम्ही नव्हतो, कळंबोली वेगळी मोजली होती. १ ऑक्टोबर २०१६ला महापालिका झाली. कळंबोली, कामोठे, खारघर, नवीन पनवेल आणि २९ गावं आत आली आणि आम्ही जागचे न हलता पनवेलकर झालो. जुन्याच मोजणीची बेरीज पाच लाखांवर गेली. २०२१ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात इथे किती माणूस वाढलं, हे मला रोज सकाळी कळतं. मानसरोवर स्टेशनला सीएसएमटीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही बरेच जण आधी उलटे पनवेलला जातो आणि तिथून बसून येतो.

२०११ला मोजायला आलेल्या बाई मला आठवतात. मी पाचवीत होते. जन्म कुठला, आधी कुठे राहत होता, इथे का आलात, असं त्या विचारत होत्या. पप्पा माणदेशातले, लोखंड बाजारात माथाडी. त्यांचं कारण ‘काम’. आई लग्नानंतर चार वर्षं सासरी राहून मग इकडे आली, तरी तिच्यापुढे ‘लग्न’च लागलं. देशभरातल्या बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण जनगणनेत हेच निघतं. फॉर्मला तेवढं पुरतं. पुढे तिने पंधरा वर्षं पोळीभाजीचे डबे दिले, समोरच्या केरळच्या नर्सबाईंच्या दोन्ही बाळंतपणांत त्यांच्या घरी रात्री काढल्या, खालच्या पंजाबी ट्रान्सपोर्टवाल्यांकडून राजमा शिकली. हे कुठल्या रकान्यात बसणार?

हे सगळं आत्ताच आठवायचं कारण म्हणजे पप्पा रिटायर झालेत आणि त्यांना गावी परत जायचंय.

“गावाकडं घर हाय आपलं,” ते म्हणतात.

“आपलं? मी तिथं चार वर्षं राहिले. इथं अठ्ठावीस. करा हिशेब.”

पप्पा हिशेब करत नाहीत. पत्रे बदलायचेत, विहिरीवर मोटर बसवायचीय, असं काहीबाही बोलत राहतात. त्यांचंही मला कळतं. आयुष्यभर दुसऱ्यांचं लोखंड उचललेल्या माणसाला स्वतःच्या ओट्यावर बसावंसं वाटणारच. पण त्या ओट्यावर चहा आणून देणारी आईच त्यांनी धरलीय, आणि आईला ते माहीत आहे.

परवा तिने पुढच्या वर्षीच्या भिशीत नाव घातलं. पप्पांना अजून सांगितलेलं नाही.