गॅट्सबीच्या गोष्टीतला गॅरेजवाला

एफ. स्कॉट फिट्झगेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी १९२५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. २०१३च्या सिनेमात अमिताभ बच्चन होते, त्यामुळे आपल्याकडेही अनेकांना ती नावाने तरी माहीत आहे. बहुतेक लोक तिला प्रेमकथा म्हणतात. गरिबीतून वर आलेला गॅट्सबी, त्याची जुनी प्रेयसी डेझी आणि तिचा धनाढ्य नवरा टॉम ब्यूकॅनन. मी ही कादंबरी उघडतो तेव्हा माझं लक्ष मात्र चौथ्याच माणसाकडे जातं. तो म्हणजे जॉर्ज विल्सन, राखेच्या ढिगाऱ्यांशेजारी गॅरेज चालवणारा.

टॉमचं त्याच्या बायकोशी, मर्टलशी, लफडं आहे. तिला भेटायला येण्यासाठी टॉमने एक निमित्त ठेवलंय. आपली जुनी गाडी विल्सनला विकायची आहे, असं तो सांगत राहतो. विल्सन दर वेळी अदबीने विचारतो, गाडी कधी देताय? टॉम त्याला झुलवत ठेवतो आणि घाई केलीस तर दुसऱ्याला विकीन, अशी धमकीही देतो. माझ्या मामूंचं गॅरेज होतं. मोठ्या गाडीतून उतरणारं गिऱ्हाईक 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणायचं, तेव्हा मामू हात पुसत हसायचे. हिशेब मागितला तर गिऱ्हाईक तुटेल, ही भीती त्या हसण्यात असायची. म्हणून विल्सनचं ते विचारणं मला वाचवत नाही. ज्याची बायको पळवली जातेय, तोच पळवणाऱ्यापुढे हात पसरून उभा आहे आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

बाहेरख्यालीपणा गरिबांतही असतो, मग श्रीमंतांनाच वेगळा न्याय का? फिट्झगेराल्डने याचं उत्तर भाषण न देता दिलंय. टॉमच्या प्रत्येक लफड्यात इजा कुणाला होते, ते बघा. लग्नानंतर काही महिन्यांतच त्याच्या गाडीला अपघात होतो. सोबत हॉटेलात खोल्या साफ करणारी एक मुलगी असते आणि हात मोडतो तो तिचा. पुढे मर्टल डेझीचं नाव घेते, तर टॉम तिचं नाक फोडतो. टॉमला कुठेच साधं खरचटतही नाही.

हाच टॉम हॉटेलच्या खोलीत गॅट्सबीला कुटुंबसंस्थेचं महत्त्व ऐकवतो. घर नावाची गोष्ट लोकांनी टाकून दिली तर उद्या काळे-गोरे एकमेकांशी लग्नं करतील, ही त्याची चिंता! आधी त्याने गोऱ्या वंशावर संकट आल्याचं सांगणाऱ्या एका पुस्तकाचे गोडवेही गायलेले असतात. स्वतःचं आणि दुसऱ्याचं घर मोडणाराच संस्कृतीचा पहारेकरी होतो, हे शंभर वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कमधलं दृश्य मला फार ओळखीचं वाटतं.

त्याच संध्याकाळी गॅट्सबीच्या पिवळ्या गाडीखाली मर्टल मरते. दुपारी ती गाडी टॉमने चालवलेली असते. आताही तोच असेल या समजुतीने ती रस्त्यावर धावत आलेली असते. स्टिअरिंगवर असते डेझी आणि ती थांबत नाही. रात्री गॅट्सबी डेझीच्या बंगल्याबाहेर तिची राखण करत उभा आहे आणि आत नवरा-बायको टेबलाशी समोरासमोर बसलेत. मध्ये थंड झालेली कोंबडी आणि बिअरसारख्या पेयाच्या दोन बाटल्या. टॉमचा हात तिच्या हातावर आहे. मला हा कादंबरीतला सगळ्यात भयानक प्रसंग वाटतो. त्या दोघांत प्रेम उरलेलं नाही, पण हितसंबंध पक्के आहेत. आपल्या वर्गावर बालंट येताच दोघं एक होतात.

गॅट्सबीलाही मी यातून सोडत नाही. गुन्हा स्वतःवर घ्यायला तो तयार आहे, हे खरं. पण मेलेल्या बाईबद्दल त्याला काहीच वाटत नाही. डेझीला किती धक्का बसला, एवढीच त्याला काळजी. बेकायदा दारूच्या पैशावर बंगला विकत घेताना तो श्रीमंतांची ही नजरही शिकलेला असतो.

बंदूक घेऊन आलेल्या विल्सनला टॉम सांगतो, ती गाडी गॅट्सबीची. बायकोचा यार आणि तिला चिरडणारा एकच, असं विल्सन धरून चालतो आणि टॉम त्याचा हा गैरसमज तसाच राहू देतो. गॅट्सबी मरतो, मग विल्सन स्वतःला संपवतो. चौकशीत मर्टलची सख्खी बहीण शपथेवर सांगते की तिचा संसार सुखाचा होता. शेवटी कागदावर उरतो दुःखाने वेडा झालेला एक नवरा. टॉम-डेझीचं नाव कुठेच येत नाही. गॅट्सबीच्या मयतीला मोजकी माणसं येतात, डेझीकडून फूलही येत नाही. विल्सनला कुणी पुरलं, हे तर कादंबरीही सांगत नाही.

काही आठवड्यांनी गोष्ट सांगणारा निक टॉमला रस्त्यात भेटतो. गाडी कोण चालवत होतं, हे निकला ठाऊक आहे. तो बोलत नाही. आधी नाकारलेला हात शेवटी मिळवतो. टॉम दागिन्यांच्या दुकानात शिरतो. निक वाईट माणूस नाही, सभ्य आहे. असे सभ्य लोक गप्प बसतात, म्हणून टॉमला पुन्हा खरेदीला जाता येतं.