हरकतीची मुदत

आमच्या डोंबिवलीत कुणी जरा विपरीत वागले की ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणण्याचा प्रघात होता, कारण १९०१ साली स्थापन झालेल्या तेथील मनोरुग्णालयामुळे त्या शहराच्या नावालाच तो अर्थ चिकटला होता. परंतु बाबा महसूल खात्यात अव्वल कारकून असल्याने रोज सकाळी डबा घेऊन खरोखरच ठाण्याला जात, त्यामुळे लहानपणी मला त्या बोलण्याचे हसू येई. पुढे सोळाव्या-सतराव्या वर्षी, दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नवा सदरा घालून उभा असलेला एक मित्र आपल्या मनात बिऱ्हाड करून राहिला आहे आणि मुलींच्या घोळक्याकडे आपले लक्षही जात नाही, हे उमगले, तेव्हा ते हसू मावळले. आता ठाण्याला पाठवणी आपलीच, असे वाटू लागले.

या भावनेला सभ्य मराठीत नाव असेल, अशी माझी कल्पना नव्हती. वाचनालयात एका दुपारी र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाविषयी वाचनात आले. १९२७ साली निघालेल्या त्या मासिकाला मराठी वाचक समसंभोगाविषयीही पत्रे लिहून प्रश्न विचारीत, कर्वे त्यांना उत्तरे देत, आणि १९३४ साली त्या उत्तरांपायी अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. तथापि माझा प्रश्न माझ्या आजोबांच्या काळातल्या कुणा अनामिकाने याच भाषेत विचारून ठेवला होता, हे कळल्याने मला जो धीर आला, तो कोणत्याही विजयाने आला नसता.

तरीही घरी सांगायला एकतिसावे वर्ष उजाडावे लागले. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, १८६०च्या दंडसंहितेतील कलम ३७७ सज्ञानांच्या खाजगी, संमतीच्या संबंधांना लागू होणार नाही, असा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती. बाहेर पाऊस कोसळत होता, बाबा वर्तमानपत्र वाचीत होते, आणि आई भिजवलेला साबुदाणा बोटांनी मोकळा करता करता, आता चातुर्मास लागला, तुळशीचे लग्न झाले की यंदा याचेही उरकून टाकू, असे नेहमीप्रमाणे म्हणत होती. मी बाबांच्या हातातल्या बातमीवर बोट ठेवले आणि म्हणालो, “बाबा, हे माझ्याविषयी आहे.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “कधीपासून?” त्यांनी विचारले.

“पहिल्यापासूनच.”

आईचा हात परातीत तसाच राहिला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आज उपास आहे माझा. आज काही बोलू नकोस.” आणि त्या दिवशी कुणीच काही बोलले नाही.

पुढचे महिने सुखाचे नव्हते. एका नातलगाने ‘खात्रीचा इलाज’ करणारा कुणी वैद्य सुचवला, आईने नवस बोलला, बाबा मात्र एका शनिवारी शांतपणे म्हणाले, “चल, ठाण्याला जाऊन येऊ.” त्या शब्दांनी माझ्या पोटात खड्डा पडला. तलावपाळीजवळच्या दवाखान्यातले मनोविकारतज्ज्ञ वयस्क होते. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आहे, असे सांगून ते बाबांना म्हणाले, “मुलाला औषध नाही, कारण आजार नाही. झोप तुम्हाला लागत नसेल तर गोळी तुम्हाला देतो.”

परतीच्या गाडीत दिवा स्टेशन जाईपर्यंत बाबा खिडकीबाहेर पाहत होते. मग, जणू एखाद्या नव्या उमेदवार कारकुनाला समजावीत असल्याप्रमाणे, त्यांनी फेरफाराची रीत सांगायला प्रारंभ केला: तलाठी नोंदवहीत नोंद घेतो, चावडीवर लावतो, संबंधितांना नोटीस बजावतो, हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असते, आणि हरकत निकाली निघाली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. “पण नोंद आज झाली म्हणून जमीन काही आज तयार होत नाही,” ते म्हणाले. “जमीन असतेच. आईला मुदत दे.”

त्या क्षणापर्यंत मी जे केले त्याला मनातल्या मनात ‘कबुली’ म्हणत होतो. कबुली गुन्ह्याची असते. माझी होती ती नोंद.

आईने मुदत पुरेपूर घेतली. तुळशीचे लग्न झाल्यावर तिने देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला टांगलेली पिशवी काढली, माझ्यासाठी आलेल्या अकरा मुलींच्या पत्रिका जमिनीवर मांडल्या, आणि ‘पत्रिका जुळत नाही’ अशी अकरा पत्रे आपल्या वळणदार अक्षरात लिहून त्या ज्याच्या त्याला परत धाडल्या. तिच्या आयुष्यातले एवढे मोठे असत्य मी दुसरे पाहिले नाही.

बाहेरच्या जगाची हरकत मात्र लवकर मिटली नाही. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल रद्द केला आणि आम्ही पुन्हा गुन्हेगार ठरलो. त्याच सुमारास कचेरीत माझ्या टेबलाच्या खणात कुणीतरी हिरव्या बांगड्या ठेवल्या. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने तो डाग पुसला. त्यानंतर मी आणि कल्याणचा माझा सहचर ठाण्यात भाड्याची जागा पाहू लागलो, तेव्हा अनामत ठरली, किल्ली हातात आली, आणि ‘आमच्याकडे फॅमिलीलाच देतात’ म्हणून संध्याकाळी ती परत मागवण्यात आली. गुन्हा नसणे आणि कुटुंब असणे यांत केवढे अंतर आहे ते त्या दिवशी समजले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, तेव्हा ते अंतर कागदावरही आले.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने, समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास वा एकमेकांचे नामनिर्देशन करण्यास कसलाही प्रतिबंध नाही, असा खुलासा केला. नामनिर्देशनाचा अर्ज घेऊन मी डोंबिवलीला गेलो. सहचराचे नाव, वय, पत्ता लिहून झाला. ‘नाते’ या रकान्यापाशी माझे पेन थबकले, आणि तो तसाच सोडून मी पान उलटू लागलो.

ऐंशीच्या घरातल्या बाबांनी अर्ज आपल्याकडे ओढला. “रकाना कोरा सोडू नये,” ते म्हणाले, “मागाहून कुणीही काहीही भरतो.” मग थरथरत्या हाताने, परंतु जुन्या दप्तरी वळणात, त्यांनी तेथे एकच शब्द लिहिला: ‘घरचा’.