धाब्याचे घर आणि चिंधी

जळगावहून आमच्या गावी जायचे म्हणजे दोन एस.टी. कराव्या लागतात. पहिली धुळ्याची. गिरणेचा पूल ओलांडला की बांभोरी, मग पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. हा रस्ता पूर्वी सहा नंबरचा महामार्ग होता, आता त्याचा नंबर ५३ झाला आहे. नंबर बदलला, पण चौपदरीकरणाच्या नावाखाली या वाटेवरच्या लोकांनी कित्येक वर्षे धूळ खाल्ली ती खाल्लीच. दुसरी एस.टी. धुळ्याहून साक्रीकडची. कुसुंबे गेले, नेर गेले की पुढच्या एका फाट्यावर आम्ही उतरतो आणि पांझरेच्या दिशेने दोन किलोमीटर चालतो. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. त्यातला पूर्वेचा आज जळगाव आणि पश्चिमेचा धुळे व नंदुरबार. आमची नोकरी पूर्वेला आणि घर पश्चिमेला, म्हणून वर्षातून पाच-सहा वेळा ही फाळणी आम्ही पायाखाली घालतो.

गावी माय एकटी राहते. वय शहात्तर. धाकटा भाऊ सुरतेला लूमवर आहे. आम्ही जळगावला दोन खोल्यांत. एकटी म्हणायचे ते आता एप्रिलपासून म्हणता येत नाही, कारण घरात एक मांजराचे पिल्लू आले आहे. मे महिन्याच्या सुटीत आम्ही, पत्नी आणि दोन्ही मुले असे आठ दिवस गावी राहून आलो, त्याची ही हकिगत.

आधी घराविषयी सांगितले पाहिजे. शहरातल्या मुलांना धाब्याचे घर ठाऊक नसते. लाकडी खांब, त्यावर आडव्या तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर काटक्यांचा थर आणि वर हातभर माती. सर्वात वर खारी पांढरी माती. ही माती पावसाचे पाणी खाली मुरू देत नाही, म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी तिचा नवा थर द्यावा लागतो. उन्हाळ्यात बाहेर ४४-४५ अंश असले तरी अशा घरात दुपारी माणसाला झोप लागते. जळगावच्या आमच्या स्लॅबच्या खोलीत रात्री दोन वाजतासुद्धा भिंत हाताला चटका देते.

पण या घराचा एक शत्रू आहे, तो म्हणजे उंदीर. मातीची भिंत आणि मातीचे छत पोखरायला त्याला काहीच कष्ट पडत नाहीत. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेतात आठ-दहा पिल्ले होतात, आणि तीही दोन-तीन महिन्यांत वेताला येतात. भोक पडले की पहिल्या पावसाचे पाणी त्या भोकातून आत येते आणि काटक्या कुजतात. कोठीतल्या ज्वारीची नासाडी होते ती वेगळीच. कापूस घरात असला तर विचारूच नका. २०२३ साली भाव वाढेल या आशेने खानदेशात अनेकांनी कापूस पावसाळ्यापर्यंत घरात ठेवला, तेव्हा मायच्या खोलीतही आमच्या दोन एकर कोरडवाहूचा ढीग होता. त्यात उंदरांनी घरटी केली. भाव वाढला नाही, उंदीर मात्र वाढले. आणि जिथे उंदीर तिथे साप येतो, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.

पूर्वी घरात एक बोका होता. दोन वर्षांपूर्वी जवळच्या खळ्यात कोणी तरी उंदरांसाठी काळी पूड टाकली. विष खाल्लेला उंदीर बोक्याने खाल्ला. उंदराच्या पोटात न पचलेले औषध असले तर ते खाणाराही मरतो. बोका रात्रभर तडफडला आणि सकाळी गेला. त्यानंतर मायने मांजर आणले नाही. दोन पावसाळ्यांत छत तीन ठिकाणी गळू लागले. गेल्या दिवाळीला आम्ही दोघा भावांनी बसून ठरवून टाकले, की मायला जळगावला न्यायचे आणि घराला कुलूप लावायचे. मायने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. पण बंद धाब्याचे घर किती दिवस उभे राहते? दोन पावसाळे. तिसऱ्याला तिथे मातीचा ढिगारा असतो. आमच्या आळीत असे चार ढिगारे आहेत. ती माणसे कल्याण, सुरत, पुण्याला गेली.

एप्रिलमध्ये मायचा फोन आला. पाटाच्या कोरड्या चारीत एक पिल्लू ओरडत होते, ते घरी आणले आहे म्हणाली. हा पाट म्हणजे पांझरेवरच्या फडांचा. नदीवर दगडी बंधारा घालून, पाटाने पाणी नेऊन, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे अशी ही पद्धत तीनशे वर्षांहून जुनी आहे. आमची जमीन त्या फडात कधीच नव्हती, ती वरच्या माळाला. पण पाटातून एवढे तरी आमच्या घरी आले.

पिल्लू त्या वेळी पाच आठवड्यांचे असावे. पांढऱ्यावर काळे आणि तांबूस असे ठिगळ. असे तीन रंगांचे मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण तांबूस आणि काळा हे दोन्ही रंग एकत्र यायला दोन एक्स गुणसूत्रे लागतात आणि ती मादीत असतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात हे सांगितल्यावर मुलगी शाळेच्या वहीत लिहून आली. मायने तिचे नाव चिंधी ठेवले. त्यावर घरात वाद झाला. आमच्या आजीच्या पिढीत चिंधी, कचरू, धोंड्या हीच नावे असत. पोर जगावे म्हणून मुद्दाम कुणाला नको वाटेल असे नाव. ती नावे आम्ही मोठ्या कष्टाने मागे टाकली आहेत, तेव्हा मांजराला तरी ते नाव नको, असे मुलीचे म्हणणे. तिने सोनी ठेवले. माय म्हणाली, गोधडी चिंध्यांचीच असते. चिंधी दोन्ही नावांना ओ देत नाही. पातेल्याचा आवाज झाला की मात्र कुठे असेल तिथून येते.

घराचा दिवस आता तिच्यावर चालतो. माय पाचला उठते. गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच. चूल पेटण्याआधी चिंधी कालच्या कोमट राखेत बसलेली असते, तिला उचलून झटकावे लागते. मग शेळीचे दूध काढायचे. पहिल्या आठवड्यात शेजारच्या म्हशीचे दूध पाजले तर तिला हगवण लागली होती. दूध हे मांजराचे अन्न ही आपली समजूत आहे. पिल्लू मोठे होते तसे त्याला दूध पचेनासे होते, आणि भाकरीवर मांजर जगत नाही, त्याला मांस-मासळी लागते. आता तिला उकडलेले अंडे आणि बाजारच्या दिवशी आणलेले सुके बोंबील भिजवून देतात. माय स्वतःसाठी अंडे आणीत नव्हती. आता चार आणते, दोन चिंधीची, दोन तिची. आम्ही दहा वर्षे सांगत होतो ते एका पिल्लाने करून दाखवले.

मे महिना म्हणजे बिबड्यांचा. ज्वारी भिजवून, आंबवून, शिजवून, त्याचे पातळ बिबडे कापडावर थापायचे आणि धाब्यावर वाळवायचे. आळीतल्या सहा-सात बाया एकत्र येऊन एकेकीचे उरकतात. आमच्या घरचे थापून झाले, सगळ्या चहाला खाली आल्या, आणि वर जाऊन पाहतात तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलांची नक्षी. पुढच्या दोन रांगांत तर ती बसलेलीही दिसत होती. बाया रागावल्या, मग हसू लागल्या. ते बिबडे वेगळे ठेवले. आमच्या मुलाने ते जळगावला आणून तळायला लावले आणि पायाचा ठसा आहे तो आपला, असे सांगून खाल्ले.

हसण्यासारखे नव्हते तेही झाले. तिसऱ्या दिवशी तिने मुलाच्या मनगटावर ओरबाडले. थोडे रक्त आले. एका शेजारणीने हळद आणली, एका काकांनी लाल तिखट भरायला सांगितले. आमच्या पत्नीने दोन्ही बाजूला ठेवून आधी साबण लावून पंधरा मिनिटे पाण्याच्या धारेखाली हात धरला, आणि मग आम्ही त्याला घेऊन दवाखाना गाठला. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. कुत्र्यासारखी मांजराच्या चाव्या-ओरबाड्यातूनही पिसाळी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की इलाज नाही. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचे वेगळे औषध असते, तेही मागून घ्यावे. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, त्या भीतीने लोक मांत्रिकाकडे जात. ती जुनी लस २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा, ठरलेल्या दिवशी, आणि सरकारी दवाखान्यात फुकट. मुलगा एकदाही रडला नाही. चिंधीला तीन महिने पूर्ण झाल्यावर पिशवीत घालून तालुक्याला नेले आणि तिचीही लस करून घेतली.

आडवे जाण्याचा विषय निघणारच होता. आळीतला एक मुलगा पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी पहाटे धुळ्याला निघाला होता. चिंधी त्याच्या गाडीपुढून पळाली. त्याने गाडी थांबवली, तो परत घरात जाऊ लागला. माय ओट्यावरच होती. ती म्हणाली, “भो, ती उंदीरना मांगे पयस, तुन्हा मांगे नही.” पोरगा हसला आणि गेला. पास झाला की नाही याची आम्ही मुद्दाम चौकशी केली नाही. तो पास झाला असता तर लोकांनी मांजराला शुभ ठरवले असते, नापास झाला असता तर अशुभ. मांजराला मारले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते असे म्हणणारे लोकच नको झालेली पिल्ले पोत्यात घालून नदीपलीकडे सोडतात. चिंधीही तशीच सोडलेली असणार.

उंदरावरून एक जुनी गोष्ट आठवली. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली. त्याआधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात रोग दिसला होता. सुरतेतून लाखो माणसे पळाली, त्यात उधना-लिंबायतकडची आपली खानदेशी माणसे कितीतरी. या साक्रीच्या रस्त्यावरून भरभरून गाड्या येत. आम्ही तेव्हा अकरावीत होतो. काका-काकू दोन मुलांसह आले, आणि गावातल्या काही लोकांनी त्यांना आठ दिवस विहिरीवर येऊ दिले नाही. घरात उंदीर मेलेला दिसला की माय चिमट्याने उचलून लांब पुरीत असे. त्या वर्षी ज्याच्या घरी मांजर त्याला लोक भाग्यवान म्हणत. ही समजूत नवी नाही. १९०८ साली अमरावतीला असलेले बुकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर यांनी इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते, की ज्या गावांत मांजरे जास्त तिथे प्लेग कमी, तेव्हा लोकांनी मांजरे पाळावीत. त्याआधी अकराच वर्षांपूर्वी, १० मार्च १८९७ ला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई पुण्यात गेल्या होत्या. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे नंतर कळले. म्हणजे मांजर हे औषध नव्हे. पण कोठीतली ज्वारी आणि धाब्याची माती राखायला त्याच्यासारखा गडी नाही.

चिंधी अजून लहान आहे. आम्ही होतो तोवर तिने एक उंदराचे पिल्लू धरले, तेही हातून सुटले. पण वासानेच फरक पडला असावा. मे महिन्यात आम्ही भिंतीतली आणि धाब्यावरची मिळून अकरा भोके काचेचे तुकडे आणि माती घालून बुजवली. खारी माती दोन ट्रॉली टाकली. पावसाळ्यात जुनी एक जागा गळली, नवी एकही नाही.

रात्री आम्ही सगळे धाब्यावर झोपायचो. शिडी चढायला चिंधी तिसऱ्या रात्री शिकली. उतरायला मात्र येईना, म्हणून पहाटे ओरडून मायला उठवायची. माय शिडीच्या मधल्या पायरीवर उभी राहून हात वर करी. शहात्तर वर्षांच्या बाईने पहाटेच्या अंधारात शिडी चढावी हे आम्हाला पटले नाही, तसे बोललोही. तिने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढली. शेवटी मुलाने शिडीला सुतळीने पोत्याचे पट्टे गुंडाळून दिले, म्हणजे पिल्लाची नखे रुततील. आता उतरते म्हणतात.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही जळगावचा विषय पुन्हा काढला. पंचाहत्तरीच्या वरच्यांना २०२२ पासून एस.टी. फुकट आहे, म्हणजे तिकिटाचीही अडचण नाही. “मी जयगावले उनू ते हिले कोन दखी?” एवढेच ती म्हणाली. ही सबब आहे हे आम्हाला कळते, तिलाही कळते. दहा वर्षांपूर्वी सबब शेळीची होती, त्याआधी वडिलांच्या आजारपणाची. पण आम्ही दोघा भावांनी फोनवर बोलून एवढे ठरवले आहे, की कुलपाचा विषय यंदा काढायचा नाही. भावाने छताच्या दोन कड्या बदलायला पैसे पाठवले आहेत. सहा महिन्यांची झाली की चिंधीचे ऑपरेशन करून घ्यायचे, नाहीतर वर्षाला दोन वेतं होतील आणि ती पिल्ले पुन्हा कुठल्या तरी पाटात जातील. तालुक्याच्या दवाखान्यात कोणत्या वारी होते ते विचारून ठेवले आहे.

काल मायचा फोन होता. तब्येत, पाऊस, कापसाला लागलेली फुले, सगळे सांगून झाले. फोन ठेवता ठेवता म्हणाली, येताना जळगावच्या बाजारातून पावशेर बोंबील आणा, इथले फार खारट असतात.