एस्टोनियाला जायचे ठरले

आमच्या घरात पासपोर्ट ही वस्तू मुलीमुळे आली. आम्हा उभयतांचा प्रवास म्हणजे मनमाड ते मुंबई, आणि रेल्वेच्या पासावर एकदा बुद्धगया. येत्या जूनमध्ये मात्र एस्टोनियाला जायचे आहे. मुलगी तेथे तार्तू विद्यापीठात शिकते. जूनमध्ये तिला पदवी मिळेल, आणि त्या दिवशी आपली दोन माणसे समोर बसलेली असावीत असा तिचा हट्ट आहे.

"हे आले कुठे?" वस्तीत ज्याने त्याने विचारले. रशियाच्या पश्चिमेला, बाल्टिक समुद्राच्या काठी, फिनलंडच्या समोर. अख्ख्या देशाची लोकसंख्या १३-१४ लाख, म्हणजे एकट्या पुणे शहराच्या निम्म्याहून कमी. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने हा देश गिळला. २० ऑगस्ट १९९१ रोजी तो पुन्हा स्वतंत्र झाला.

प्रश्न पैशाचा होता. मुलीच्या वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून जे उरले होते, ते पत्रे काढून स्लॅब टाकण्यासाठी राखून ठेवले होते. दोन तिकिटे, व्हिसा, विमा धरला तर त्यातले निम्म्याहून अधिक जाणार. तीन रात्री आम्ही यावर बोललो, म्हणजे खरे तर भांडलो. शेवटी मुलीची आई म्हणाली, "पावसात पातेली लावायची सवय आहे आपल्याला. स्लॅब पुढल्या वर्षी टाकू. तिचा तो दिवस पुढल्या वर्षी येईल का?" तेथे विषय मिटला.

मग फॉर्म. एस्टोनियाचा दूतावास दिल्लीत आहे, पण अर्ज मुंबईच्या केंद्रात देता येतो. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांच्या आत आणि निदान पंधरा दिवस अगोदर तो द्यावा लागतो. माणशी ९० युरो फी, म्हणजे नऊ हजारांच्या वर. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. शिवाय आजारपणाचा विमा, तोही कमीत कमी ३०,००० युरोंचा. जिने दोन्ही बाळंतपणे सरकारी दवाखान्यात जमिनीवरच्या गादीवर काढली, तिच्या पंधरा दिवसांसाठी जवळजवळ तीस लाखांचा विमा! आम्ही पोट धरून हसलो.

फॉर्मच्या पहिल्या रकान्यात आडनाव, दुसऱ्यात जन्माच्या वेळचे आडनाव. तेथे लेखणी अडली. आमच्या आजोबांना रेल्वेच्या गँगमध्ये घेतले तेव्हा त्यांना आडनावच नव्हते. गाव कोणते, एवढे विचारून साहेबाने गावाच्या नावाला 'कर' जोडला आणि मस्टरवर लिहिला. मुलीला फोनवर हे सांगितले तर ती म्हणाली, "बाबा, इथेही तसेच झाले आहे."

तिने सांगितले ते असे. एस्टोनियातील शेतकरी शेकडो वर्षे जर्मन जमीनदारांचे भूदास होते. जमीन विकली की तिच्यावरचा माणूसही विकला जाई. उत्तर भागात १८१६ मध्ये आणि तार्तूकडच्या दक्षिण भागात १८१९ मध्ये त्यांची सुटका झाली. जमीन मात्र मिळाली नाही, ती मालकाचीच राहिली. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत या लोकांना आडनावे मिळाली, पुष्कळदा मालकाने किंवा पाद्र्याने दिलेली. झाडांची नावे फार. 'तम्म' म्हणजे ओक, 'कास्क' म्हणजे बर्च. पुढे १९१९ मध्ये कायदा करून जमीनदारांच्या जमिनी वाटण्यात आल्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला तार्तू विद्यापीठ त्यांच्या स्वतःच्या भाषेतून सुरू झाले. विद्यापीठ तसे १६३२ चे, पण इतकी वर्षे शेतकऱ्याच्या भाषेला तेथे शिक्षणाची भाषा म्हणून जागा नव्हती.

तोवर आम्ही त्या देशाला 'मुलीचा देश' म्हणत होतो. त्या फोननंतर तिथले प्रश्न आम्हीच काढू लागलो. खातात काय? राईची काळी, आंबूस भाकरी. जेवायला बसताना "यॅत्कु लेइबा" म्हणतात, म्हणजे भाकर पुरत राहो. मुलीच्या आईने हे दोन शब्द पाठ केले आहेत. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. "मग दिवाबत्ती केव्हा करायची?" असे तिने विचारले, त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

धाकधूक वेगळीच आहे. केंद्रात दहाही बोटांचे ठसे घेतात. वीस वर्षे चार घरची धुणीभांडी करून मुलीच्या आईच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या आहेत. रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर तिचा अंगठा तिसऱ्या-चौथ्या वेळी कसाबसा उठतो, कधी उठतही नाही. तिला आता एकच भीती, की पैसे जातील आणि बोटांमुळे दारातूनच परत यावे लागेल. मुलीने सांगितले आहे, हात साबणात घालू नको, रोज रात्री तेल चोळ.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. चारपैकी तीन घरची कामे तिने सोडली. चौथ्या घरी रबरी हातमोजे घालून जाते. आमच्या घरची भांडी सध्या मुलीचे वडील घासतात.