दुरावा आणि परकेपण

आमच्या बर्लिनच्या इमारतीत जिन्यापाशी एक सूचना लागली होती. त्यातला एक शब्द मी थांबत थांबत वाचला : त्स्वेकएन्टफ्रेमडुंग. राहतं घर पर्यटकांना रोजच्या भाड्याने देणं म्हणजे घराला त्याच्या मूळ कामापासून परकं करणं. बर्लिनने २०१३ साली त्याविरुद्ध कायदा केला आणि हाच शब्द कायद्याच्या नावात घातला. घरसुद्धा परकं होऊ शकतं, हे मला एका सरकारी शब्दाने सांगितलं.

त्या लांबलचक शब्दाच्या पोटात 'फ्रेम्ड' आहे, म्हणजे परका. जोडीदाराशी प्रतारणा केली तर जर्मन माणूस 'फ्रेम्डगेहेन' म्हणतो, म्हणजे परक्याकडे जाणं. मार्क्सने १८४४ साली पॅरिसमध्ये लिहिलेल्या टिपणांत 'एन्टफ्रेमडुंग' येतो : कामगाराने घडवलेली वस्तूच परकी होऊन त्याच्यासमोर उभी राहते. आपल्या समीक्षेत त्याला 'परात्मता' म्हणतात. शब्द नेमका आहे, पण तो घरात कुणाच्या तोंडी नाही. घरात आपण 'दुरावा' म्हणतो. वाटणीवरून भावाभावांत दुरावा येतो, वाटेवरच्या अनोळखी माणसाशी येत नाही. त्याला आधीची जवळीक लागते.

ब्रेश्टने हाच धातू उलटा वापरला. 'फेरफ्रेमडुंग' म्हणजे ओळखीची गोष्ट मुद्दाम परकी करून दाखवायची, प्रेक्षकाला तिच्याबद्दल प्रश्न पडावा म्हणून. श्प्रे नदीकाठच्या ज्या थिएटरात १९२८ साली त्याचा 'थ्री पेनी ऑपेरा' पहिल्यांदा झाला, तिथे मी इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात गेले. पु. लं.नी त्यावरून 'तीन पैशाचा तमाशा' केला, एवढ्याच ओळखीवर. पाऊस पडत होता, तरी बराच वेळ तिथून पाय निघेना.

पण 'फ्रेम्ड' मला खरा कळला तो लेकीमुळे. आठ महिन्यांची असताना तपासायला नेली, तर डॉक्टरांना पाहून तिने गळा काढला. "फ्रेमडेल्ट," त्या हसून म्हणाल्या. अनोळखी माणसाला बुजणं, यासाठी जर्मनमध्ये सबंध क्रियापद आहे आणि ते बहुतेक लहान मुलांसाठीच वापरतात.

पुढच्याच महिन्यात आम्ही कोल्हापूरला गेलो. आई विमानतळावर आली होती. तिने हात पुढे केले, पोरीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र म्हणाली, "अगं, माणसं ओळखायला लागली की!"

तेच वय, तेच रडणं. जर्मन शब्दाने त्यातलं परकेपण टिपलं, आईने ओळख टिपली. त्या वेळी मला आईचं वाक्य समजूत घातल्यासारखं वाटलं. आज वाटतं, ती फक्त जे दिसलं ते सांगत होती. दुरावा म्हणायला त्या दोघींत अजून जवळीकच कुठे झाली होती?

परतायच्या आदल्या दिवशी पोर आईच्या मांडीवर बसून तिच्या बांगड्या ओढत होती. आता रोज इथे संध्याकाळचे सहा वाजले की आम्ही फोन लावतो. तिकडे रात्रीची जेवणं झालेली असतात. आई आधी काहीच बोलत नाही, फोनसमोर हात धरून बांगड्या वाजवते.