आमचा कट्टा आणि त्यांचे गट

आमच्या इचलकरंजीत सार्वजनिक प्रश्न सोडवायला दोन कप चहा पुरतो. पहिल्या कपात वीजदर, दुसऱ्यात पंचगंगेचं पाणी. त्यामुळे भाच्यानं पुण्याच्या 'प्रयास' संस्थेची हकिगत सांगितली तेव्हा मी चाटच पडलो. १९९४ पासूनची संस्था. आरोग्याचा गट वेगळा, ऊर्जेचा वेगळा, पाणी-उपजीविकेचा आणखी वेगळा! ऊर्जागट म्हणे दरवाढीचे जाडजूड प्रस्ताव वाचतो आणि वीज आयोगापुढे आकड्यांनिशी बोलतो.

"मामा, तुम्ही निदान वीजबिल तरी वाचता का?"

"वाचतो की! शेवटचा आकडा."

त्यानं बिल मागवलं. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार... बावीस वर्षं माग चालवतोय, पण ही पाहुणेमंडळी माझ्याच पैशांवर जेवतात याचा पत्ता नव्हता.

तरी मी हटलो नाही. "अरे, मागाची वीज एका गटात, माझा खोकला दुसऱ्यात, नळाचं पाणी तिसऱ्यात. तिन्हींचं गिऱ्हाईक मात्र मी एकटाच!"

भाचा हसला नाही. "खरंय मामा. म्हणून तर कट्टा हवा. फक्त जाताना बिल घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी नेलं. दोन्ही कप संपले, तरी आम्ही स्थिर आकारावरच होतो.