वीस तारखेचा पेपर

सातिवली, वालीव, गोखिवरे. वसई पूर्वेच्या या पट्ट्यात गाळ्यांच्या रांगा लागल्या आहेत. खाली मशिनचा धडधडाट आणि लोखंडी जिना चढून गेलं की पोटमाळ्यावर अकाउंटंटचं टेबल. टॅली उघडलेली, तारेत खोचलेली व्हाउचरं, चहाचा अर्धा ग्लास. अशा टेबलाच्या खणात चेकबुकाखाली कधी कधी एम.कॉम.चं पुस्तकही असतं. पोटमाळ्यावर बसणारा हा माणूस कागदोपत्री विद्यार्थी आहे, हे गाळ्यात फारसं कुणाला ठाऊक नसतं.

त्याचं पंचांग निराळं. 7 तारखेला टीडीएस, 11 ला जीएसटीआर-1, 15 ला पीएफ, 20 ला जीएसटीआर-3बी, म्हणजे बोलण्यातलं ‘थ्रीबी’. या तिथी एकादशीपेक्षा कडक. मोडल्या की व्याज आणि लेट फी. मार्च एंडिंगची धूळ खाली बसते न बसते तोच उन्हाळी परीक्षा समोर येतात. मालक वाईट नसतो. “पेपर दे रे बाबा, पण थ्रीबी तेवढं करून जा,” एवढंच म्हणतो.

आता 14 तारीख घ्या. त्या दिवशी जीएसटी पोर्टलवर टूबी, म्हणजे मिळू शकणाऱ्या क्रेडिटची यादी, तयार होतं आणि खरेदीची बिलं त्याच्याशी एकेक करून लावून बघायची असतात. एका पुरवठादाराने पन्नास हजारांचं बिल चढवलेलंच नाही. 18 टक्क्यांनी नऊ हजारांचं क्रेडिट अडकलं. मग फोन: “शेठ, बिल टाका ना.” शेठ गावाला गेलेले. त्याच रात्री जेवणानंतर पुस्तकात जीएसटी कायद्याचं कलम 16 निघतं, क्रेडिट मिळण्याच्या अटींचं. बिल हाती हवं, माल मिळालेला हवा, पुरवठादाराने तपशील भरलेला हवा. दिवसा कॉलेजात बसणारी मुलं हे पाठ करतात. याला पाठ करावं लागत नाही; ‘शेठ गावाला गेलेत’ हा त्या कलमाचा अर्थ त्याने दुपारीच ऐकलेला असतो.

उलटही होतं. तेरीज जुळेना म्हणून 340 रुपये सस्पेन्स खात्यात ढकलून तो मोकळा झालेला असतो. (ही युक्ती ज्याने कधीच केली नाही, असा अकाउंटंट विरळा.) पुस्तकातलं चूक-दुरुस्तीचं प्रकरण वाचताना ते 340 रुपये नेमके कुठून आले, ते लख्ख दिसतं. झोप गेली. सकाळी गाळ्यावर पोचून आधी ती नोंद फिरवायची.

नोकरी सांभाळून शिकण्याची ही वाट जुनी आहे. वसईत वर्तक कॉलेज सुरू झालं 1971 मध्ये आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने टपालाने पदवी शिकवायला घेतली. तीच संस्था पुढे ‘आयडॉल’ म्हणून घरोघरी माहीत झाली. त्याआधी, 1946 मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते. कचेरीच्या वेळेला धक्का न लावता वर्ग भरवायचा, ही साधी सोय. पण ती सोय फोर्टात. विरारचा कारकून तिथे सकाळी सातला पोचायचा म्हणजे पहाटे उठून गाडी गाठणं आलं. मुंबईची पहिली उपनगरी गाडी 1867 मध्ये विरारहूनच सुटली. त्या गाडीमागची धावपळ अजून थांबलेली नाही.

अंधेरी-गोरेगावला नोकरी असली तर अभ्यास गाडीत करतात, असं लोक समजतात. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये वसई येईपर्यंत हात वर करायला जागा नसते, पुस्तक कुठलं उघडणार? कानात इअरफोन घालून लेक्चर ऐकायचं, तेही धक्के खात. रविवारी कालिन्याला विद्यापीठात मार्गदर्शन वर्गाला जावं, तर पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक. अंधेरीला गाडी बदला, सांताक्रूझला उतरून रिक्षा शोधा. पहिलं लेक्चर निम्मं झालेलं असतं.

एवढं करून पदवी हाती आली की मुलाखतीत प्रश्न येतो: “रेग्युलर की करस्पॉन्डन्स?” मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. तरीही प्रश्न विचारला जातो, आणि विचारण्याचा सूर असा की उमेदवार मागच्या दाराने आत शिरलाय. खरं तर हिशेबाच्या नोकरीला यापेक्षा चांगला उमेदवार कोणता? त्याने धडा आणि व्यवहार एकाच आठवड्यात पाहिलेत. विचारायचंच असेल तर रेग्युलरवाल्याला विचारा, कधी थ्रीबी भरलंय का म्हणून.

विद्यापीठांच्या परीक्षा विभागांनी एक करावं. वाणिज्य शाखेच्या दूरस्थ विद्यार्थ्यांचं वेळापत्रक लावताना 20 तारीख मोकळी सोडावी. आणि गाळ्याच्या मालकांनी हॉल तिकीट बघून पेपरच्या दिवसांची रजा द्यावी, पगार न कापता.